दाखल आणि खारीज

मराठवाड्यातील तहसील कचेरीची पायरी ज्याने दोन-चार वेळा चढली असेल, त्याला अरबी भाषेचे चार-पाच धातू नकळत तोंडपाठ झालेले असतात. ‘मौजे अमुक, तालुका तमुक’ असे तो लिहितो, अर्ज करतो, कागद दाखल करतो, दावा खारीज झाला म्हणून कपाळाला हात लावतो, आणि वेळच वाईट आली तर जातमुचलकाही लिहून देतो. हे शब्द आपण इतके आपलेसे करून टाकले आहेत की, ते कोठून आले याची चौकशी करावी असे कोणाला वाटत नाही. परंतु गंमत अशी की, तत्त्वज्ञानातल्या एका फार बिकट प्रश्नाबद्दल उर्दूत बोलावयाचे झाले म्हणजे याच शब्दांची भावंडे पुढे येऊन उभी राहतात. तो प्रश्न आत्मनिष्ठावादाचा. इंग्रजीत ज्याला ‘सब्जेक्टिव्हिझम’ म्हणतात त्याचा. आपल्याला जे कळते, जे सुंदर वाटते, जे आपण बरे किंवा वाईट ठरवितो, त्याचे ठिकाण कोठे? पाहणाऱ्याच्या आत, की पाहिलेल्या वस्तूत?

हा प्रश्न माझ्याकडे ग्रंथातून आला नाही. तो शेजारून आला. आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. उर्दू माध्यमाच्या शाळेत त्यांनी सारा जन्म भूगोल शिकविला, आणि सारी गल्ली त्यांना मास्तरसाहेब म्हणून ओळखते. त्यांची नात कॉलेजात तत्त्वज्ञान घेऊन शिकते. गेल्या १७ सप्टेंबरला आजोबा-नातीत काही बोलणे झाले. १९४८ साली याच दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली. म्हणून मराठवाड्यात तो मुक्तिसंग्रामाचा दिवस, गावोगाव झेंडावंदन. मास्तरसाहेबांच्या घरात त्या घटनेचे नाव ‘पोलीस ॲक्शन’. उर्दू लिखाणात तिला ‘सुकूत-ए-हैदराबाद’, म्हणजे हैदराबादचा पाडाव, असेही म्हणतात. त्या दिवसांनंतर उस्मानाबादेकडील त्यांच्या गावी घर कसे जळाले ही वडिलांनी सांगितलेली हकिकत ते दरवर्षी सांगतात, तशी याही वर्षी सांगत होते. नातीने त्यांची समजूत घालावी म्हणूनच म्हटले, “दादाजान, बाहेर पेढे वाटतात आणि घरात तुम्ही डोळे पुसता. सही-गलत शेवटी ज्याच्या त्याच्या जेहनमध्येच असते ना?”

मुलीचा हेतू चांगला होता. परंतु म्हाताऱ्याला रात्रभर झोप आली नाही. सकाळी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “भाईसाहेब, हे मौजुइयत काय प्रकरण आहे ते मला माझ्या भाषेत समजावून द्या. पुस्तक नक्को. घर माझ्या वालिदांच्या डोक्यात जळाले, की गावात जळाले, एवढेच सांगा.” (हा ‘नक्को’ दखनी उर्दूने आपल्या ‘नको’वरून उचललेला. आपण त्यांचे इतके शब्द घेतले, त्यांनी आपला एवढा नकार घेतला!)

मला चटकन उत्तर देता येईना, याला एक खासगी कारणही होते. माझ्या आजोळचे घरही त्याच वर्षी, चार महिने आधी, भर उन्हाळ्यात जळाले होते. जाळणारे निराळे होते.

तेव्हा शब्दांपासूनच सुरुवात केली. उर्दूत ‘मौजू’ म्हणजे विषय. निबंधाचा मौजू, व्याख्यानाचा मौजू. मूळ अर्थ ‘ठेवलेले’. जागा ठेवलेली ते मौजे, रकमेतून काढून ठेवलेले ते वजा, धातू तोच. ग्रीक तर्कशास्त्रात ज्याच्याविषयी बोलावयाचे त्याला ‘खाली असलेले, आधारभूत’ अशा अर्थाचा शब्द होता. लॅटिनने त्याचे ‘सब्जेक्टुम’ केले, अरबीने ‘मौजू’. ‘घोडा पांढरा आहे’ या वाक्यात घोडा हा मौजू आणि पांढरेपणा हा ‘महमूल’, म्हणजे त्याच्यावर लादलेला. हमाल हा याच महमुलाचा भाऊ. येथवर सगळे सरळ आहे. घोडा हा ‘सब्जेक्ट’, आणि घोडा तर बाहेर अंगणात उभा आहे. मध्ययुगीन युरोपात ‘सब्जेक्टिव्ह’ म्हणजे वस्तूच्या स्वतःच्या ठिकाणी असलेले, आणि ‘ऑब्जेक्टिव्ह’ म्हणजे मनापुढे कल्पनेच्या रूपाने आलेले, असाच अर्थ चालू होता. देकार्तने १६४१ साली ‘ऑब्जेक्टिव्ह’ हा शब्द याच जुन्या अर्थाने वापरला आहे. पुढे दीडशे वर्षांत शब्दांनी कूस बदलली. कांटच्या १७८१ च्या ग्रंथापर्यंत येता येता जाणणारा ‘मी’ हा सब्जेक्ट होऊन बसला आणि बिचारा घोडा ऑब्जेक्ट झाला.

या उलथापालथीचा त्रास भाषांतरकारांना झाला. हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. त्याच्यासाठी आदल्याच वर्षी भाषांतराचे एक खातेच उघडण्यात आले होते. आमच्या औरंगाबादेतून (आजच्या छत्रपती संभाजीनगरातून) मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा संसार कित्येक वर्षे चालविला. बर्कलीचे संवाद अब्दुल माजिद दर्याबादी यांनी उर्दूत आणले. ‘सब्जेक्टिव्ह’ला उर्दूत ‘मौजुई’ हा शब्द रुळला आणि ‘ऑब्जेक्टिव्ह’ला ‘मारूजी’, म्हणजे पुढे मांडलेले. आपला ‘अर्ज’ त्याच कुळातला. परंतु आजच्या अरबीत नेमके उलटे! तेथे ‘मौजुई’ म्हणजे वस्तुनिष्ठ, आणि आत्मनिष्ठाला ‘जाती’ म्हणतात. जातमुचलक्यातली ‘जात’ तीच, म्हणजे स्वतः. एकच शब्द एका भाषेत आत राहतो आणि दुसऱ्या भाषेत बाहेर. मराठीतही कमी घोळ नाही. शाळेतला ‘विषय’ म्हणजे उर्दूतला मौजू. पण शंकराचार्यांनी ‘विषय’ आणि ‘विषयी’ अशी जोडी लावली ती जे जाणले जाते ते आणि जो जाणतो तो या अर्थाने. म्हणून आपले पंडित ‘विषयनिष्ठ’ आणि ‘विषयिनिष्ठ’ असे लिहितात. एका वेलांटीवर सारे जग आत-बाहेर होते, आणि मुद्रितशोधकाला डुलकी लागली तर तत्त्वज्ञान बदलते.

मास्तरसाहेबांना मी म्हटले, “हे सगळे विसरा. तुमचा अर्ज साहेबापुढे आहे. तो मंजूर होणार तो अर्जातील मजकुरावर की साहेबाच्या मर्जीवर? मजकुरावर म्हणाल तर मारूजी. मर्जीवर म्हणाल तर मौजुई.” ते हसले. तीस वर्षे सरकारी अनुदानाच्या शाळेत काढलेल्या माणसाला याहून अधिक स्पष्टीकरण लागत नाही.

मात्र एक गैरसमज काढून टाकावा लागला. उर्दू वाचकाला ‘दाखिलियत’ आणि ‘खारिजियत’ हे शब्द काव्यसमीक्षेतून चांगले परिचयाचे असतात. दिल्लीची कविता दाखिली, म्हणजे अंतर्मुख, मीरच्या दुःखाची. लखनौची खारिजी, नासिखच्या नखऱ्याची, असा एक ठोकळ भेद तेथे शिकविला जातो. आपणही केशवसुतांनंतरच्या कवितेला आत्मनिष्ठ म्हणतो तसेच हे. त्यामुळे आत्मनिष्ठावाद म्हणजे हळवेपणाचे तत्त्वज्ञान अशी समजूत होते. तसे नाही. अत्यंत कोरड्या मनाचा माणूस पक्का आत्मनिष्ठावादी असू शकतो. वाद भावना किती आहेत याचा नाही. वाद आहे तो, आपण ज्याला खरे म्हणतो ते खरे कशामुळे ठरते, याचा.

आता नरकचतुर्दशीच्या पहाटेचेच पाहा ना. बंबातले पाणी घंगाळात काढलेले असते. थंडगार पाण्याने सडा घालून आलेली मुलगी हात घालते आणि किंचाळते, ‘आई गं, किती कढत!’ चुलीपाशी अनारसे तळून उठलेली आजी हात घालते आणि म्हणते, ‘कोमट आहे, विसण कशाला?’ पाणी तर एकच. मग कढत खरे की कोमट खरे? जॉन लॉकने १६९० मध्ये हाच दाखला दोन हातांचा दिला. बिशप बर्कलीने १७१३ मध्ये तो उचलून धरला आणि म्हटले की, ऊन-थंड जर पाण्यात नाही आणि हाताच्या मालकात आहे, तर रंग, गंध, आकार यांचे तरी काय वेगळे? सारे मनातच. याच्याही सहाशे वर्षे आधी इमाम गजालींनी लिहून ठेवले आहे की, डोळ्याला तारा नाण्याएवढा दिसतो आणि गणित सांगते तो पृथ्वीहून मोठा आहे. मग डोळ्यावर विश्वास कसा ठेवावा? आपल्याकडे वसुबंधूसारख्या बौद्ध विज्ञानवाद्यांनी स्वप्नाचा दाखला घेतला आणि वेदान्तातही एक दृष्टिसृष्टिवाद झाला. तेव्हा ही शंका कोण्या एका देशाची किंवा धर्माची नाही.

तिच्यात खरे किती? जाणणारा असल्यावाचून जाणणे होत नाही, हे खरेच; परंतु यात वाद कसला? चालणाऱ्यावाचून चालणे होत नाही. म्हणून रस्ता पायात असतो असे कोणी म्हणत नाही. नेमकी हीच उडी येथे मारली जाते. ‘मला कळले’ यातून ‘माझ्यातच आहे’ हे निघत नाही. विज्ञानवाद्यांना शंकराचार्यांनी दिलेले उत्तर मला अजून बिनतोड वाटते. वस्तू ‘बाहेर असल्यासारखी’ भासते असे तुम्ही म्हणता. पण ‘बाहेर’ असे काही मुळातच नसेल तर ‘असल्यासारखी’ या बोलण्याला अर्थ कोणता? आणि बर्कलीवरही लोक थोडा अन्याय करतात. मी पाठ फिरविली की खांब नाहीसा होतो असे तो म्हणत नव्हता. ईश्वराची नजर सतत असते म्हणून खांब जागेवर राहतो, असे त्याचे म्हणणे. ‘ज्याचे त्याचे खरे’ हा कौल त्याने कधीच दिला नाही. तो आपण, आपल्या सोयीसाठी, त्याच्या नावावर मांडला.

घंगाळाची गोष्टही तेथेच संपत नाही. दोघींनी थोडे थांबून हात तपासले, किंवा कोणी तापमापक आणून बुडविला, म्हणजे कळते की पाणी अमुक अंश ऊन आहे आणि एकीचा हात गार होता, एकीचा तापलेला. दोघींचे वाटणे खोटे ठरत नाही, उलट ते का वाटले ते समजते. वाटणे हा एक दाखला आहे, निकाल नव्हे. कचेरीत तो दाखल करावयाचा असतो. आणि दाखल झालेला कागद तपासला जातो, हे तर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

परंतु ऊन-थंडीसाठी तापमापक आहे. बऱ्या-वाईटासाठी काय आहे? नातीचा खरा मुद्दा हाच होता आणि तो क्षुद्र नव्हे. डेव्हिड ह्यूमने १७३९-४० मध्ये स्पष्ट म्हटले की, एखाद्या खुनाकडे कितीही निरखून पाहा, रक्त दिसेल, हेतू दिसतील, ‘वाईटपणा’ नावाची वस्तू दिसणार नाही. ती आपल्याच छातीत सापडते. पण याच ह्यूमने १७५७ च्या अभिरुचीवरील निबंधात सांको पांझाची एक गोष्ट सांगितली आहे. सांकोच्या दोन नातलगांना पिंपातील मद्य चाखावयास दिले. एक म्हणाला, मद्य छान, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, छान, पण लोखंडाची. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी एक जुनी किल्ली निघाली, चामड्याच्या वादीत ओवलेली! दोघे परस्परविरुद्ध बोलत होते असे सर्वांना वाटले. प्रत्यक्षात दोघांच्याही जिभेला तळातली एकच वस्तू लागली होती.

मला वाटते, १९४८ च्या बाबतीत आपण मराठवाड्यातल्या माणसांनी पिंप रिकामे केलेच नाही. कासिम रझवीच्या रझाकारांनी खेडी लुटली, जाळली, माणसे मारली, हे घडले. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य शिरले, १७ तारखेला संस्थान शरण आले, आणि त्यानंतर अनेक ठिकाणी निरपराध मुसलमानांवर सूड उगविला गेला, हेही घडले. भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली चौकशीसाठी समिती पाठविली. तिने मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा दिला आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांना सर्वांत अधिक झळ लागल्याचे नोंदविले. तो अहवाल अनेक वर्षे प्रकाशित झाला नाही. कागद कपाटात बंद असला म्हणजे मग प्रत्येक घराला आपापली चव तेवढी उरते. आणि कोणीतरी भला माणूस, किंवा भली मुलगी, म्हणते की जाऊ द्या, ज्याची त्याची दृष्टी.

‘मुक्ती’ आणि ‘सुकूत’ ही नावे दृष्टीची आहेत, हे मान्य. त्या दिवशी कोणाच्या घरी पेढे वाटले जावेत आणि कोणाच्या घरी जेवणावर वासना नसावी, हे त्या त्या घराच्या आतले. त्यावर बाहेरून हुकूम सोडण्यात शहाणपणा नाही. परंतु घर जळाले की नाही, हे दृष्टीचे नाही. ते गावात जळाले. एवढे उत्तर मी मास्तरसाहेबांना दिले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण पुष्कळसा उतरला. नातीचा मात्र उतरला नाही. ती आजोबांच्या मागोमाग येऊन बसली होती. ती म्हणाली, “जळाले ते मान्य, काका. मी जळण्याबद्दल म्हटलेच नव्हते. जाळणे ‘गलत’ होते, हे कशात आहे? जाळणाऱ्यांना तर ते बरोबरच वाटले असेल.”

पोरगी हुशार आहे. मी तिला मूरचा दाखला दिला. जी. ई. मूरने १९१२ मध्ये दाखविले की, ‘हे वाईट’ याचा अर्थ केवळ ‘मला हे आवडत नाही’ एवढाच असेल, तर दोन माणसांचे नीतीबाबत कधी भांडणच होऊ शकणार नाही. मला चिवडा आवडतो, तुला आवडत नाही. यात विरोध कोठे आहे? दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी. परंतु ज्याचे घर जळाले तो ‘हे अन्यायाचे झाले’ म्हणतो आणि जाळणारा ‘हे योग्य झाले’ म्हणतो, तेव्हा ते चिवड्याप्रमाणे शेजारी शेजारी नांदत नाहीत. एक दुसऱ्याला खोडीत असतो. जाळणाराही नुसते ‘आम्हाला आवडले’ असे म्हणून थांबत नाही. तो कारणे देतो. आधी त्यांनी केले म्हणतो, आम्हाला भीती होती म्हणतो. कारणे देऊ लागला याचा अर्थच तो कचेरीत आला आणि त्याने कागद दाखल केला. मग कागद तपासलाही जाणार, आणि प्रसंगी खारीजही होणार. ज्या म्हातारीचे छप्पर पेटविले तिने आधी कोणाचे काय केले होते, असे त्याला विचारता येते.

यावर मास्तरसाहेब एकदम म्हणाले, “भाईसाहेब, तुम्ही मघाशी तुमच्या आजोळचे बोललात. ते मौजे कोणते? तालुका?” मी सांगितले. घरात किती माणसे होती, गुरे सोडता आली का, तेव्हा कोणता महिना होता, असे त्यांनी एकामागून एक विचारले. भूगोलाच्या मास्तराची सवय. मग हळूच म्हणाले, “बहुत बुरा हुआ.” मी नातीकडे पाहिले. स्वतःच्या वडिलांच्या घराबद्दल ते ‘बुरा हुआ’ म्हणतात तेव्हा ते जातीचे, खासगी दुःख आहे असे म्हणता येईल. माझ्या आजोळच्या घरात त्यांचे काय गुंतले होते? उलट ते कबूल केल्याने त्यांच्या बाजूचे थोडे वजाच होत होते. तरी शब्द तोच आला. ह्यूमच्या मनात जी सर्वसामान्य भूमिका होती, जेथे उभे राहिल्यावर आपला-परका हिशेब गळून पडतो, ती बहुधा अशीच काहीतरी असावी. ती छातीतच असते, हे ह्यूमचे म्हणणे मी नाकारीत नाही. पण तिला केवळ आवड म्हणणे मला जमत नाही. आवडी अशा स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देत नाहीत.

नात मात्र पुरती पटलेली नाही, आणि तिचे कारण मला कमी लेखता येत नाही. ती विचारते, ज्याच्या छातीत असे काहीच उठत नाही, त्याच्यापुढे तुम्ही कोणती किल्ली काढून दाखविणार? रंगांधळ्याला तांबडे दिसत नाही म्हणून तांबडा रंग खोटा ठरत नाही, असे मी म्हणतो. तर ती म्हणते, रंगाच्या लहरी मोजता येतात, अन्यायाच्या मोजून दाखवा. यावर आमचे दर आठवड्याला भांडण चालू आहे, आणि भांडण होते आहे हेच मूरच्या बाजूचे आहे असे मी तिला चिडविण्यासाठी सांगतो. मास्तरसाहेबांनी या वादातून अंग काढून घेतले असून त्यांचे सारे लक्ष आता परिभाषेवर आहे. ‘मौजुई’ हा शब्द सदोष आहे, अरबीत तो उलटा पडतो, तेव्हा सर्वत्र ‘दाखिली’ लिहावे असे त्यांचे मत झाले आहे. नातीने त्यांना बजावले आहे की पाठ्यपुस्तकात ‘मौजुई’ आहे, आणि परीक्षेपर्यंत तरी त्यात काही बदल व्हावयाचा नाही.